फाइलीतलं पहिलं पान

रावेर सोडलं आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडली की बऱ्हाणपूर लागतं. फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाची राजधानी इथंच होती. १९८६ साली खंडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला पाच वर्षांचा शेरू थोरल्या भावाबरोबर या स्टेशनात उतरला आणि बाकावर झोपी गेला. जाग आली तेव्हा भाऊ जवळ नव्हता. पोरगं समोरच्या गाडीत चढलं, ते थेट कोलकात्याला पोचलं. तिथल्या दत्तक संस्थेनं १९८७ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियात होबार्टच्या सू आणि जॉन ब्रायर्ली यांच्याकडे पाठवलं. ‘लायन’ चित्रपटामुळे जगाला माहीत झालेला सरू ब्रायर्ली तो हाच.

मोठेपणी ज्यावर त्यानं आपलं गाव शोधून काढलं, ते गूगल अर्थ लोकांच्या लक्षात राहिलं. पण कोलकात्यात त्या पोराला विचारलं गेलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं, ‘बेरमपूर’, ‘गणेसतलाय’. ऐकणाऱ्या कुणालाच ही गावं सापडली नाहीत, आणि त्याची पंचवीस वर्षं गेली. २०१२ मध्ये तो खंडव्यात आईपर्यंत पोचला. कोलकात्यात ज्यांनी त्याला दत्तक दिलं होतं त्या सरोज सूद यांनाही भेटला. पुढे सू स्वतः भारतात आल्या आणि त्याच्या जन्मदात्या आईला, फातिमाला, भेटल्या. मूल हातचं जाईल या धास्तीनं जे आईबाप संस्थेचं नावही घरात काढत नाहीत, त्यांनी ही भेट डोळ्यांपुढे ठेवावी. सरू होबार्टचाच राहिला.

दत्तक आईबापांनी मुलाला घेऊन त्याच्या संस्थेत जावं, आणि लवकर जावं. ज्या मावशीनं त्याला दूध पाजलं, रात्री मांडीवर घेतलं, ती निवृत्त होते, गाव सोडते. संस्थेची जागा बदलते. ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेट कर्णधार लिसा स्थळेकर १९७९ मध्ये पुण्याच्या ‘श्रीवत्स’मधून तान्ही असताना दत्तक गेली, ती संस्था पाहायला आली २०१२ मध्ये, तिशी उलटल्यावर.

आशा मिरोची गोष्ट जास्त बोलकी आहे. नाशिक भागात जन्मलेली ही मुलगी १९७४ मध्ये मुंबईच्या अनाथाश्रमातून बार्सिलोनाला गेली. १९९५ मध्ये ती परत आली, आश्रमातल्या नन्सना भेटली, आपली हकीगत ऐकून गेली. ती हकीगत अपुरी होती. २००३ मध्ये पुन्हा येऊन नाशिककडच्या खेड्यांत शोध घेतला, तेव्हा कळलं की आपल्याला सख्खी बहीण आहे, आणि ती भेटलीही. संस्थेतल्या माणसांनी काही मुद्दाम लपवलं असं म्हणायचं कारण नाही. वीस वर्षांनी माणसाला जेवढं आठवतं तेवढंच तो सांगतो. म्हणून भेटीला जाणाऱ्यांनी खाऊ वाटून, फोटो काढून परतू नये. (आत आजही मुलं राहतात, त्यांचे फोटो काढणं तर मुळीच बरं नाही.) दाखल झाल्याची तारीख, वजन, अंगावरचे कपडे, आणणाऱ्या पोलीस ठाण्याचं नाव, वृत्तपत्रात छापलेलं आवाहन यातलं जे दाखवता येतं ते सगळं पाहायला मागावं.

कायद्यानं मर्यादाही घातली आहे आणि ती योग्य आहे. मूळ शोधण्याचा अर्ज अठरा वर्षांवरील व्यक्ती स्वतः करू शकते, त्याआधी दत्तक पालकांसोबत. तिऱ्हाइताला हा शोध घेता येत नाही. मूल सोपवणाऱ्या आईनं गुप्तता मागितली असेल, तर तिच्या संमतीशिवाय तिचं नाव सांगता येत नाही. धुळे-जळगावच्या एखाद्या खेड्यात परदेशी पाहुण्यांची गाडी एका दारासमोर थांबली, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. त्या बाईचा संसार मोडून कुणाचं मूळ सापडायला नको.

२०२४-२५ मध्ये देशात एकूण ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यांतली सुमारे ३६० परदेशात. यातली काही आणखी पंधरा-वीस वर्षांनी परत येतील. त्यांच्या हाती काय पडणार, हे आज भुसावळ जंक्शनवर ठरतं आहे. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांना फलाटावर एकटी मुलं सापडतात, ती बालकल्याण समितीपुढे उभी केली जातात. त्यांतलं एखादं अहिराणी बोलतं. चोपडा, यावल, शिरपूरकडच्या सातपुड्यातलं असेल तर पावरी बोलतं. लिहून घेणारा बहुधा प्रमाण मराठीत किंवा हिंदीत लिहितो, गावाचं नाव आपल्या ओळखीच्या गावाशी जुळवून टाकतो. मूल म्हणतं एक, कागदावर उतरतं दुसरं.

हे टाळायला मोठा खर्च लागत नाही. पहिल्या दिवशी मूल जे बोलेल ते त्याच्याच उच्चारात लिहावं; नदी, देऊळ, पाण्याची टाकी, शेजाऱ्याचं नाव, काहीही गाळू नये. बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून बंद पाकिटात फाइलीला जोडावं. पावरी जाणणारी आश्रमशाळेतली एखादी शिक्षिका बोलावून घ्यावी. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षांनी एवढं याच वर्षी सुरू करावं, आणि संस्था बंद पडली तर तिच्या फाइली कुणाच्या ताब्यात जातील तेही आत्ताच लेखी ठरवून ठेवावं.