हानी, तोटा आणि मुकणे

शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत शेवटी समानार्थी शब्दांची यादी असते. तीत हानी, तोटा, नुकसान, नाश हे शब्द एकाच ओळीत, स्वल्पविरामांनी जोडलेले आढळतात. विद्यार्थी ती ओळ पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर त्यांतला जो शब्द आधी आठवेल तो वापरतो. आमचे म्हणणे असे की, निदान या अर्थाच्या बाबतीत तरी ही यादी दिशाभूल करते. काहीतरी आपल्यापासून गेले, एवढेच या शब्दांत समान आहे. ते कोणाचे होते, कोणामुळे गेले आणि परत येण्याची आशा आहे की नाही, याविषयी प्रत्येक शब्द निराळा निवाडा देतो. आणि शब्द निष्काळजीपणे वापरला की तो निवाडाही आपल्या नकळत दिला जातो.

'तोटा' हा हिशेबाचा शब्द. नफ्याच्या शेजारी तो बसतो आणि यंदाचा तोटा पुढल्या साली भरून निघू शकतो. 'उत्साहाला तोटा नव्हता' असे आपण म्हणतो तेव्हा तो कमतरतेच्या अर्थाकडे सरकतो. त्या जागी 'हानी' घालून पाहावी, वाक्य मोडते. 'तूट' ही तोट्याच्या घरातली, पण तिचा अर्थ वेगळा. अंदाजपत्रकात तूट येते तेव्हा कोणी बुडालेले नसते, जमेपेक्षा खर्च अधिक झालेला असतो. 'नुकसान' अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि कचेरीत स्थिरावला. त्याच्या पाठोपाठ 'भरपाई' येते. नुकसान म्हटले की कोणीतरी ते मोजावे आणि कोणीतरी भरून द्यावे, ही अपेक्षा उभी राहते. संस्कृतातून आलेली 'हानी' मोजमापाला अशी सहज वश होत नाही. मानहानीच्या दाव्यात रुपयांचा आकडा लिहिलेला वाचताना आपण किंचित अवघडतो, ते त्यामुळेच.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला केला. कपाटे फोडली गेली, ग्रंथ आणि हस्तलिखिते विस्कटली गेली. 'संस्थेचे मोठे नुकसान झाले' हे वाक्य खोटे नाही. फुटलेल्या काचा हे नुकसानच. परंतु ज्या पाठाची दुसरी प्रत कोठेच नाही अशा पोथीचे एखादे पान नाहीसे झाले, तर त्याला आम्ही नुकसान म्हणणार नाही. तो नाश होय. काच आणि पान यांची नोंद एकाच शब्दाखाली झाली की दोहोंची भरपाई शक्य आहे असा समज होतो आणि रंग दिलेल्या नव्या कपाटांकडे पाहून आपण निश्चिंत होतो.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. शाळेतून आलेले मूल सांगते, 'छत्री हरवली.' आई म्हणते, 'हरवली नाही, तू हरवलीस.' क्रियापद तेच. मुलाच्या वाक्यात छत्री स्वतःच कर्ता आहे, आईच्या वाक्यात मूल. मराठीने 'हरवणे' हे क्रियापद दोन्ही बाजूंनी वापरण्याची सोय ठेवली आहे आणि घरातला सगळा वाद त्या सोयीवर चालतो. 'गमावणे' या क्रियापदात ही सोय नाही. तिथे गमावणारा लागतोच: त्याने पैसा गमावला, पत गमावली, हातची संधी गमावली. 'मुकणे' याच्या उलट. 'ती लहानपणीच आईला मुकली' या वाक्यात तिच्याकडे कसलाही दोष जात नाही. जे तिच्या हक्काचे होते ते तिला मिळाले नाही, एवढेच ते सांगते.

आता वर्तमानपत्रातले नेहमीचे वाक्य पाहावे: 'अपघातात पाच जणांनी प्राण गमावले.' इंग्रजी वाक्याच्या साच्यातून हे आपल्याकडे उतरले असावे असा आम्हांला दाट संशय आहे. जुगाऱ्याने पैसे गमावावेत तसे रस्त्याने जाणाऱ्या पाच जणांनी प्राण गमावले! 'पाच जण प्राणांस मुकले' असे लिहिले असते तर त्यांचे हक्काचे काहीतरी त्यांच्याकडून गेले, हे वाचकाला कळले असते आणि कोणामुळे, हा प्रश्नही त्याच्या मनात आला असता. यावर कोणी म्हणेल, 'ने' या प्रत्ययाला इतके नैतिक वजन देऊ नये. 'त्याने मार खाल्ला' या वाक्यातही 'ने' आहेच. आक्षेप रास्त आहे. प्रत्यय एकटा दोष देत नाही. पण 'गमावणे' या क्रियापदाभोवती पैसा, पत, विश्वास, संधी यांची जी संगत मराठीत जमली आहे, ती प्राणांच्या वाक्यातही सोबत येते.

तिसरा प्रश्न आशेचा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो परका नाही. भरताने नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतला भेद नेमका येथेच दाखवला आहे: विप्रलंभ सापेक्ष, करुण निरपेक्ष. मेघदूतातल्या यक्षाचा शाप वर्षाचा आहे, म्हणून त्याचे दुःख विरहाचे. रघुवंशाच्या आठव्या सर्गातला अज इंदुमतीसाठी रडतो, त्याला अवधी नाही. तो शोक होय. अश्रू दोन्हीकडे सारखेच, परंतु शास्त्राने त्यांना एका नावाखाली बसू दिले नाही.

एकाच घटनेला हे दोन्ही शब्द कसे लागू शकतात, हे पानिपताने दाखवले. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत कळली, असे परंपरा सांगते. त्यात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे दोन मोती होते, सरदारांच्या मोहरांचा आकडा होता, आणि चांदी-तांब्याची मोजदाद नव्हती. पत्र तोट्याच्या भाषेत लिहिलेले होते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी मात्र तो हिशेब मान्य केला नाही. पती जिवंत आहेत या विश्वासाने त्या राहिल्या, वैधव्य त्यांनी पत्करले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. राज्याच्या वहीत जो तोटा होता, तो शनिवारवाड्यातल्या एका स्त्रीच्या लेखी विरह होता. कोणाचा शब्द बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही. आजचा कायदा ते सात वर्षांवर ठरवतो: ज्याची एवढा काळ काहीच खबर नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याचा भार पडतो. पार्वतीबाईंना तो नियम लागू असता, तर १७६८ पासून त्यांचा शब्द त्यांनाच सिद्ध करावा लागला असता.

म्हणून अध्यापक मित्रांना आमची एक सूचना आहे. समानार्थी शब्दांची ती ओळ फळ्यावर जरूर लिहावी, पण प्रत्येक शब्दासमोर विद्यार्थ्याकडून एकेक वाक्य मागावे आणि मग शब्दांची अदलाबदल करून पाहावी. कोणते वाक्य टिकते, कोणते मोडते, कोणते टिकूनही खोटे ठरते, हे वर्गातच दिसेल. आणि पानिपताचे ते पत्र शिकवताना मोत्यांपाशी थांबू नये. ज्या चांदी-तांब्याची मोजदाद झाली नाही, त्यांच्या घरी त्या दिवशी कोणता शब्द वापरला गेला असेल, हेही विद्यार्थ्यांना विचारावे.