पायाखालचा मुलूख

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला सालेकसा तालुका आहे. गोंदियाहून दुर्गकडे निघालेली आगगाडी सालेकसा व दरेकसा ही स्थानके मागे टाकते आणि डोंगरातील बोगद्यात शिरते. थोडा वेळ बाहेर काही दिसत नाही, चाकांचा खडखडाट वाढतो, आणि पुन्हा उजेड येतो. उतारू म्हणतो, “डोंगर ओलांडला.” वास्तविक त्याने डोंगर ओलांडलेला नसतो, आगगाडीने ओलांडलेला असतो. मुलांनो, मुलूख डोळ्यांना दिसतो, पण कळतो तो पायांना. म्हणून वर्षातून निदान एक दिवस तरी प्रत्येक मुलाने आपल्या भागातील डोंगरवाटा सकाळपासून सायंकाळपर्यंत पायी चालाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या डोंगरांतून ती आगगाडी जाते, त्याच डोंगरांत कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथूनही भाविक येतात. या गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका आद्य गुरू पारी कुपार लिंगो यांच्यामुळे झाली, अशी त्यांची श्रद्धा आहे. कोणी आगगाडीने येवो, कोणी मोटारीने. धनेगावाच्या पुढे रानातला डोंगर ज्याचा त्यालाच चढावा लागतो. त्या चढणीवर वडीलधारी माणसे मुलांना पूर्वजांची कथा सांगतात. पुस्तकात वाचलेली कथा विसरता येते; पण जी ऐकताना पाय दुखले आणि समोर प्रत्यक्ष गुहेचे तोंड दिसले, ती कथा कशी विसरावी?

एका दिवसाच्या चालीत काय शिकता येते, ते पाहा. थंडीच्या दिवसांत पहाटे गाव सोडावे. प्रथम धानाच्या बांध्या लागतात. धान निघून गेलेले असते आणि त्याच ओलीवर उगवलेल्या लाखोळीला निळी फुले आलेली असतात. पुढे एखादी बोडी लागते. मग जमीन हळूहळू चढू लागते, पायाखाली माती जाऊन मुरूम येतो आणि झाडी दाट होते. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसली की तो ऐन. पांढुरकी, गुळगुळीत साल दिसली की तो धावडा. मोह, तेंदू, बिजा, चारोळीचे झाड यांची ओळख अशीच एकेकाशी होते. गावातून जो डोंगर एकच निळी रेघ वाटत होता, तो जवळ गेल्यावर अनेक टेकड्यांचा, घळींचा आणि नाल्यांचा निघतो. माथ्यावर उभे राहून मागे पाहिले, म्हणजे पावसाचे पाणी कोणत्या बाजूने धावत असेल आणि बोडी नेमकी तेथेच का खणली असेल, हे कोणी न सांगताही उमगते.

नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. त्याच्या भोवतालच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. कोलू पाटील कोहळी यांनी तेथे बांध घातला, असे परंपरा सांगते. त्या काळी मोजणीची आधुनिक यंत्रे नव्हती. उताराची पारख माणसाच्या पायांना आणि डोळ्यांनाच होती. जो आपल्या जमिनीवरून चालला, त्यालाच पाणी कोठे अडवावे हे समजले.

आपली मराठी भाषासुद्धा अशा चालणाऱ्यांची ऋणी आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रात पायी हिंडले. ते भंडाऱ्यापर्यंत आले होते. पुढे म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन, माणसांना भेटून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांतून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. अलीकडच्या काळात वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नवेगावच्या रानात अनेक वर्षे काढली आणि वनात राहणाऱ्या माणसांकडून पक्ष्यांची व झाडांची नावे शिकून ती मराठीत आणली. 2025 साली ते निवर्तले. त्यांचा ‘पक्षिकोश’ मात्र आपल्यापाशी आहे. पण कोशातील शब्द जिवंत राहायचा, तर त्या पक्ष्याकडे बोट दाखवून त्याचे नाव घेणारे कोणीतरी असावे लागते. आज बारा वर्षांच्या मुलाला दूरदेशीच्या प्राण्यांची नावे पाठ असतात आणि दारासमोरच्या टेकडीचे नाव ठाऊक नसते. ज्या वाटेने कोणी जात नाही, ती वाट दोन पावसाळ्यांत झुडपांखाली बुजते. ज्या नावाचा कोणी उच्चार करीत नाही, त्याचीही तीच गत होते.

यावर कोणी म्हणेल, “गुरुजी, चालण्याचे कौतुक मोटारीत बसणाऱ्यांनी करावे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईला विचारा!” हा आक्षेप खरा आहे. पोटासाठी किंवा शाळेसाठी रोज मैलोगणती चालावे लागणे, हे सुख नव्हे. आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यास मोटार हवी, शाळा दूर असेल तर सायकल हवी. ही साधने प्रत्येक गावाला मिळालीच पाहिजेत. माझे म्हणणे इतकेच, की पायांची सक्ती सुटावी. पायांची सवय मात्र सुटू नये. उलट ती मोळी वाहणारी बाईच रानाची खरी जाणकार असते. तिच्याबरोबर एक दिवस चालावे, म्हणजे तिचे ज्ञान किती आणि तिचे कष्ट किती, हे दोन्ही समजेल. मोटारीच्या काचेतून यांपैकी एकही समजत नाही.

अशा सहलीला शिस्त हवी. वडीलधाऱ्यांवाचून व गावातील माहितगार माणसावाचून रानात पाऊल टाकू नये. आपल्या रानात अस्वल, बिबट्या, वाघ यांचा वावर आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात परवानगीवाचून जाता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. पाणी व शिदोरी जवळ असावी. उन्हे कलण्यापूर्वी परतीची वाट धरावी. ताशी चार किलोमीटरांच्या चालीने वीस किलोमीटरांना पाच तास लागतात. चढण, विसावा आणि थांबून पाहणे धरले, तर सारा दिवस हवा. सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाच्या चालीने सर्वांनी चालावे. पुढे धावणारा फक्त टोक गाठतो. सोबत चालणारा वाट पाहतो आणि माणूसही ओळखतो.

तुमचे गाव सालेकशाच्या डोंगरात असो, सह्याद्रीच्या कुशीत असो वा बालाघाटाच्या रांगेत. जवळच एखादी टेकडी असेलच. तिचे नाव आधी आजोबांना विचारा आणि मग तिच्याकडे चालू लागा. सायंकाळी पाय थकलेले असतील; पण सकाळी जो मुलूख केवळ नकाशावर होता, तो आता तुमचा झालेला असेल. आणि जे आपले असते, तेच राखावेसे वाटते.