नीराचं बंड आणि शांताबाईंचा 'किस्सा'

वर्तमानपत्रांतल्या जुन्या सिनेमांच्या पानांवर 'कुंकू'चं (१९३७) कौतुक हमखास असतं. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न न मानणारी नीरा सगळ्यांना थोर वाटते. पण नीरा साकारणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादावरून पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केलं, ते मात्र बहुतेकदा लहरी नटीचा 'किस्सा' म्हणून रंगवलं जातं.

खरं तर तो कष्टकरी बाईचा मालकाशी झगडा होता. १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' या पुस्तकात शांताबाईंनी सिनेधंद्यातली पिळवणूक स्वतः मांडली. त्याचा उल्लेख या पानांवर क्वचितच सापडतो.

पडद्यावरच्या बंडाला टाळ्या मिळतात. मालकाच्या दारातलं बंड खुपतं. आमच्या नेर भागातही कापूस वेचणीचा दर वाढवून मागणारी बाई लगेच 'तोंडाळ' ठरते.

मैत्रिणींनो, नट्यांच्या आठवणी वाचताना विचारू या : हिच्या कामाचा मोबदला किती होता? करार कुणाच्या सोयीचा होता? आणि तिचं स्वतःचं म्हणणं यात कुठे आहे?