वंशावळीचे प्रामाण्य

आटगावच्या परिसरातून दिसणाऱ्या ज्या माहुलीगडावर १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीसाठी अखेरची झुंज दिली, त्या राजांच्या घराण्याचे मूळ कोणते, या प्रश्नाला शिवरायांच्या १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी मेवाडच्या सिसोदियांशी नाते सांगून उत्तर देण्यात आले, आणि १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरला गेला, तरी संशोधकांतील वाद आजही मिटलेला नाही. वंशावळ बहुधा वतनाच्या तंट्यासाठी किंवा अधिकाराच्या समर्थनार्थ लिहिली जाई. म्हणून समकालीन महजर, सनदा व निवाडपत्रे यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून ती प्रमाण मानणे मला सर्वथा अनुचित वाटते. शिवरायांचे थोरपण तर कोणत्याही पूर्वजावर अवलंबून नाही. मात्र नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, जेथे यजमानाचे नाव, गाव, बाप, आजा, भाऊबंद अशी नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली, तेथे सामान्य कुणब्याचाही वंश सापडतो; आमच्या शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकऱ्यांचा सहसा नाही. मोडी दप्तरे वाळवीने खाण्यापूर्वी शासनाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि वाडीवाडीवरील वृद्धांच्या मुखी असलेली पूर्वजांची नावे शिक्षकांनी विनाविलंब लिहून घ्यावीत.