आधी काय गेलं ते दाखवा

‘गिअरबॉक्स पूर्ण बदलावा लागेल.’ मंचरजवळच्या एका ओळखीच्या कुटुंबाला शहरातल्या एका वर्कशॉपने हे वाक्य ऐकवलं आणि या आठवड्यात माझं डोकं उठलं. गाडी सेकंडहँड घेतलेली, चार गिअरची ऑटोमॅटिक. भीमाशंकरला जाताना डिंभ्याच्या पुढे चढ लागला की ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची. रेस दिली तरी ओढायची नाही, डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागायची. बंद करून थंड होऊ दिली की पुन्हा नीट चालायची. वर्कशॉपने अंदाजपत्रक दिलं ते गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. प्रत्यक्षात गेला होता अंगठ्याएवढा एक सेन्सर, गिअरबॉक्सच्या बाहेरून एका बोल्टवर बसलेला.

तो कागद मी नीट वाचला. त्यावर बिघाडाचं नाव कुठेच नव्हतं. कोणता कोड आला, कोणती वायर मोजली, तेल कसं होतं, यातली एक ओळ नाही. नुसती बदलायच्या वस्तूची किंमत. याला निदान म्हणत नाहीत.

निदान बघायचं असेल तर नांगरटीच्या दिवसांत नारायणगाव, आळेफाटा किंवा घोडेगावच्या एखाद्या ट्रॅक्टरच्या गॅरेजवर जाऊन उभे राहा. शेतकरी येऊन सांगतो, ‘गिअर उडतोय.’ चांगला मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. तो विचारतो, ‘कितवा उडतो दादा? लोडवर उडतो का मोकळा चालताना? सकाळपासून का तापल्यावर?’ उत्तरं मिळाली की वरचं झाकण खोलतो. गिअर लावणाऱ्या दांडीला खाच असते. त्या खाचेत स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी गोळी बसते आणि लागलेला गिअर जागेवर धरून ठेवते. मिस्त्री जुनी स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी उभी करतो. दबून दबून आखूड झालेली असली तर ती मिस्त्रीला दिसते, तशी शेतकऱ्यालाही दिसते. स्प्रिंग आणि गोळी बदलून भागलं तर काम तिथेच संपतं. नाही भागलं तर गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय का ते बघायचं, मग गिअरचे दाते, मग बेअरिंगमधला ढिलेपणा. ट्रॅक्टर मधून तोडायची वेळ येते ती सगळ्यात शेवटी. आणि काम झाल्यावर जुना पार्ट कागदात गुंडाळून मालकाच्या हातात पडतो, कारण मालक तो मागतोच.

बाहेरून आत जायचं, स्वस्तापासून महागाकडे जायचं, प्रत्येक पायरी मालकाच्या डोळ्यांदेखत करायची. ही रीत जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांत मुरलेली आहे. तोच शेतकरी ऑटोमॅटिक मोटार घेऊन शहरात गेला की काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसतो, त्याला कोणी ‘थंड का तापल्यावर’ हे विचारत नाही, आणि बाहेर येणाऱ्या कागदावर तो सही करतो. ट्रॅक्टरच्या वीस-पंचवीस रुपयांच्या स्प्रिंगसाठी जो माणूस घासाघीस करतो, तो मोटारीच्या लाखाच्या असेंब्लीपुढे मान का तुकवतो? मला याचं एकच कारण दिसतं. ऑटोमॅटिक म्हणजे कॉम्प्युटर, त्यात आपल्याला काय कळणार, असं त्याच्या मनावर बिंबवलं गेलं आहे.

उलट, कॉम्प्युटर आहे म्हणून तर काम सोपं व्हायला हवं. ट्रॅक्टर आपलं दुखणं सांगत नाही, मोटार सांगते. २०१३च्या एप्रिलपासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की गाडी बिघाडाचा कोड देते. पी-०७०० हा कोड आला तर एवढंच समजायचं की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदलेली आहे. ती वाचायला त्या कंट्रोलरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. मोबाईलला जोडायचे स्वस्त स्कॅनर पुष्कळदा इंजिनपाशीच थांबतात. मंचरजवळच्या त्या कुटुंबाच्या गाडीत पुढचा कोड निघाला पी-०७१५, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत शिरणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. आत येणारा वेग आणि बाहेर जाणारा वेग यांच्या भागाकारावरून कंट्रोलर कोणता गिअर खरोखर लागला आहे ते ओळखतो. एक आकडा गायब झाला की तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एकच गिअर धरून बसतो. गाडी तिसऱ्यात अडकत होती ती यामुळे. गिअर सगळे शाबूत होते.

मात्र कोड सर्किटचं नाव सांगतो, गुन्हेगाराचं नाही. म्हणून इथेही ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीची रीत लावायची. सगळ्यात आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास दाब हवा. १२.२च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा, कारण कमी दाबाने कंट्रोलर खोटे कोड देतात. मग फ्यूज. गाडी ‘पी’मधून निघतच नसेल तर ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का ते बघा. ब्रेकचा स्विच गेला की गिअरचा दांडा कुलूप लागल्यासारखा बसतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. मग तेल. ते बोटावर घेऊन बघायचं, वास घ्यायचा. लालसर आणि स्वच्छ असेल तर आतलं बरं आहे. काळं पडून करपल्याचा वास येत असेल किंवा धातूची चमक दिसत असेल तर घरचं काम तिथेच थांबतं. मग वायरिंग आणि कपलर. आपल्याकडे गाडी गोठ्याशेजारी, कांद्याच्या वखारीशेजारी उभी असते, तिथे उंदीर वायर कुरतडतात. कपलरात पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. एवढं सगळं नीट निघालं तर मग सेन्सरवर संशय घ्यायचा.

या गाडीचा सेन्सर दोन वायरींचा होता. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्याचा रोध मल्टिमीटरवर मोजता येतो. थंड असताना मोजला तर आकडा बरोबर आला. इथेच बहुतेक जण फसतात आणि ‘सेन्सर चांगला आहे’ म्हणून मोकळे होतात. पण तक्रार तापल्यावरची होती. म्हणून सेन्सर काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कढत पाण्याच्या पातेल्यात धरला, मीटरच्या वायरी लावलेल्याच ठेवल्या. थोड्या वेळात आकडा थरथरला आणि मीटरने सर्किट तुटल्याची खूण दाखवली. बाहेर काढून गार होऊ दिला तर आकडा परत आला. वेटोळ्यातली तार आत कुठेतरी तडकलेली होती. गरम झाली की टोकं दूर व्हायची, गार झाली की पुन्हा भिडायची. घरातल्या आजींनीसुद्धा मीटरवर तो आकडा जाताना पाहिला. लाखाच्या कागदाला याहून चांगलं उत्तर नाही. तीन वायरींचा सेन्सर असता तर हा प्रयोग चालला नसता. त्याला सिग्नल बघणारं यंत्र लागतं, रोध मोजून त्याचं काही कळत नाही.

बदलणं त्याहून सोपं. जुन्याची ओ-रिंग भोकात अडकून राहिली नाही ना ते बघायचं, नव्या ओ-रिंगला गिअरबॉक्सचंच तेल चोळायचं, सेन्सर हाताने सरळ बसवायचा आणि बोल्ट बेताने आवळायचा. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं. ट्रॅक्टरच्या नट-बोल्टवर टाकतो तसा जोर टाकला तर आटे निघून येतात आणि मग खरंच मोठा खर्च होतो. शेवटी कोड उडवायचा, गाडी पुन्हा तापवायची, चढावर न्यायची आणि कोड परत येतो का ते बघायचं. ही शेवटची पायरी गाळली तर दुरुस्ती झाली असं म्हणता येत नाही.

आणि नेहमीच्या वाचकांना ठाऊक असलेलं पुन्हा सांगतो, कारण ते सांगायचं मी कधीच थांबणार नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. सपाट, घट्ट जमीन, मागच्या-पुढच्या चाकांना ओंडके आणि गाडीच्या खाली दोन भक्कम स्टँड. विटांचा ढीग म्हणजे स्टँड नव्हे, विटा न सांगता फुटतात.

घरच्या कामाची हद्दही सांगितली पाहिजे. बाहेरचे सेन्सर, स्विच, वायरिंग, काही गाड्यांत चेंबर उतरवून हाताला येणारे सोलेनॉइड, इथपर्यंत सावध माणूस जाऊ शकतो. क्लचचे पॅक, व्हॉल्व्ह बॉडी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटीचा पट्टा या गोष्टी अंगणातल्या धुळीत उघडायच्या नाहीत. सीव्हीटीचं तेल वेगळं असतं, त्यात साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं तर चालता गिअरबॉक्स जातो. २०१४मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्या आल्या. त्यांच्या आत तर साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट आहे, फक्त पाय आणि हात यांचं काम यंत्र करतं. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला ती गाडी परकी वाटायचं कारण नाही. पण तिचा क्लच बदलला की स्कॅनर लावून तो कंट्रोलरला नव्याने शिकवावा लागतो, आणि गाडी नेमकी तिथे अडते.

कारण स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि माहिती कंपन्यांच्या मुठीत आहे. हे माझं रडगाणं नाही, निकालाने सिद्ध झालेलं आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हा मुख्य ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली आहेत आणि शेतीची अवजारं व मोटारगाड्या ही दोन्ही त्यांत आहेत. म्हणजे ट्रॅक्टर आणि मोटार यांना एका रांगेत बसवणारा मी एकटा नाही. पण पोर्टलवरची माहिती सक्तीच्या कायद्याची जागा घेऊ शकत नाही. आळेफाट्यावरच्या मिस्त्रीला पैसे मोजूनही क्लच शिकवायचं सॉफ्टवेअर मिळत नसेल, तर हक्क कागदावरच राहिला.

आता माझा जुना आग्रह. गाडीसोबत येणारं पुस्तक मराठीत छापा. कोडांचे अर्थ, तेलाचा प्रकार, फ्यूजचा नकाशा, एवढी चार पानं मराठीत असती तर वर्कशॉपच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. याला माझ्याकडे आकडेवारी नाही, गॅरेजवर उभं राहून बनलेलं मत आहे आणि मी ते सोडणार नाही. चाकणला मोटारींचे कारखाने आहेत. आपल्या दोन तालुक्यांतली पोरं तिथल्या लाईनवर गाड्या जोडतात. गाडी जोडणाऱ्या पोराच्या गावात ती दुरुस्त करायचं पुस्तक मराठीत मिळू नये, हे मला पटत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराने एक तरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्कॅनर लावून तपासलेला असला पाहिजे, ही मागणी पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरावी.

तोवर वाचकांनी एक गोष्ट आजपासून करावी. ‘गिअरबॉक्स बदला’ असं कोणी म्हटलं की कागदावर लिहून मागा: कोड कोणता आला, तेल कसं होतं, कोणता भाग मोजला आणि आकडा किती आला. हे लिहून दिल्याशिवाय सही करू नका, आणि काम झाल्यावर जुना भाग घेतल्याशिवाय बिल भरू नका. ट्रॅक्टरच्या स्प्रिंगसाठी जो हिशोब तुम्ही मागता, तोच मोटारीसाठी मागा.