सामान्यतः रहिवासी नव्हे

छत्र्या हरवण्याच्या माझ्या जुन्या व्यसनावर गेल्या पावसाळ्यात मी जो लेख लिहिला, त्यावर वाचकांची सहानुभूतीची पुष्कळ पत्रे आली आणि छत्री मात्र एकही आली नाही, हे दुःख अद्याप ताजे असतानाच या आठवड्यात आमच्या साकोलीच्या घरी छत्र्या ठेवण्याचे एक पात्र सातासमुद्रांपलीकडून येऊन दाखल झाले. त्याच्यामागून, किंवा खरे म्हणजे त्याच्या आधी दोन महिने, माझा पुतण्या, सूनबाई आणि त्यांचा दहा वर्षांचा चिरंजीव अशी मंडळी न्यू जर्सीतला सतरा वर्षांचा मुक्काम हलवून कायमची घरी आली.

तेव्हापासून ओसरीवर येणारा प्रत्येक मनुष्य, पाण्याचा पेला हाती घेण्यापूर्वीच, एकच प्रश्न विचारतो : “कायले वापस आले जी?” प्रश्न साधा असला तरी त्याच्या पोटात नोकरी गेली काय, प्रकृती बिघडली काय, सूनबाईंचे पटले नाही काय, अशा पाचपन्नास पोटप्रश्नांची पिलावळ असते, आणि पुतण्याने “आईबाबा थकले, म्हणून आलो,” असे सरळ उत्तर दिले की विचारणारा माझ्याकडे अशा काही समजूतदार नजरेने पाहतो की जणू खरे कारण मी त्याला नंतर पारावर एकांतात सांगणारच आहे. परदेशी जाणाऱ्याला मात्र जाण्याचे कारण कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तेव्हा सारा गाव हार घेऊन उभा होता, आणि त्यांत हाच विचारणारा सर्वांच्या पुढे होता.

कायदेशीर तपशील थोडक्यात सांगून मोकळा होतो. दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहून बिऱ्हाड हलविणाऱ्यास वापरलेले घरसामान ठरावीक मूल्यापर्यंत जकातीवाचून आणता येते, मात्र त्याची तपशीलवार फर्द द्यावी लागते; आणि मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, त्याला प्राप्तिकराचा कायदा आल्याबरोबर पुरता रहिवासी मानीत नाही, ‘रहिवासी, परंतु सामान्यतः रहिवासी नव्हे’ असा एक मधला दर्जा देतो, ज्यायोगे त्याची बहुतेक परदेशी मिळकत काही काळ येथील करातून सुटते. चिरंजीवांचा जन्म तिकडचा, सबब ते ओसीआय, म्हणजे समुद्रापारचे भारतीय नागरिक. ज्या जिल्ह्यात वैनगंगेहून मोठे पाणी कोणी पाहिलेले नाही, तेथे हे समुद्रापारचे नागरिक सकाळी उघड्या अंगाने माझ्या पंक्तीला बसून तांदळाच्या भाकरीचे तुकडे मोडतात, आणि शेजारी त्यांचे सामान्यतः रहिवासी नसलेले तीर्थरूप आजोबांच्याच पाटावर बसून तिखट मागून घेतात.

सरकारी दप्तराला परतणाऱ्या मनुष्याचे हे कोडे जुनेच आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या शतकापूर्वीच्या क्रांतिकारकाची कथा आमच्या विदर्भात तरी सर्वांना ठाऊक असावी : गदर चळवळीतून इराणापर्यंत भटकून १९२४ साली ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर आणि गव्हावर त्यांनी संशोधन केले, आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने तेथल्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटताना रंगविले. असा मनुष्य देश स्वतंत्र झाल्यावर घरी येऊ म्हणतो, तर त्याचा व्हिसाचा अर्ज आधी नामंजूर होतो, कारण इंग्रज गेला तरी इंग्रजाने घातलेली बंदी कागदांत जशीच्या तशी कायम होती! पुढे तो हुकूम फिरला, ते नागपुरास येऊन राहिले आणि १९६७ साली तेथेच निवर्तले. त्यांच्या बेल्जियन पत्नीला आणि मेक्सिकोत वाढलेल्या दोन मुलींना नागपूरच्या उन्हाळ्याने कसे वागविले असेल, हा विचार मला प्रत्येक मे महिन्यात येतो.

पण मला सांगायचे होते ते त्या पात्राविषयी. ते पात्र म्हणजे आमच्या मातोश्रींचा पितळी गंज. पुण्याकडील वाचकांनी गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबेरा असा समज करून घेऊ नये. आमच्याकडे गंज म्हणजे उभट, खोल, लग्नाकार्यात भात शिजविण्याचे भांडे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे शहर, आणि ‘भाण’ म्हणजे भांडे यावरूनच त्याला नाव पडले असे सांगतात. सूनबाईने तो हौसेने तिकडे नेला, आणि तेथे सतरा वर्षे तो दाराशी उभा राहून ओल्या छत्र्या सांभाळीत होता. फर्दीत त्याच्यापुढे उत्पत्तिस्थान म्हणून पुतण्याने ‘भंडारा’ लिहिले. दलालाने ते खोडून ‘भारत’ केले.

आता सौ.चा हट्ट असा की पोळ्याला भात याच गंजात शिजला पाहिजे, आणि आतली कल्हई तर पार उडालेली. कल्हईवाला शोधता शोधता माझे चार दिवस गेले. ज्या जिल्ह्यात पितळ घडते त्या जिल्ह्यात कल्हईवाला मिळू नये, यावर मी स्वतंत्र लेख लिहिणारच आहे. अखेरीस पवनीकडचा एक वृद्ध मोटारसायकलवर आला. भात्याऐवजी त्याच्यापाशी गॅसची शेगडी होती. त्याने गंज नखाने वाजवून पाहिला, “भंडाऱ्याचाच हाय जी,” म्हणाला, आणि तापलेल्या तळाशी नवसागर टाकताच जो पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठला त्याने समुद्रापारचे नागरिक खोकत मागे सरले नि पुन्हा पुढे आले. कथलाची कांडी आत टेकली, वितळली, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा फिरताच काळवंडलेला तळ चांदीसारखा उजळला. मुलाने “पुन्हा करा,” म्हटले. वृद्धाने काहीएक कारण नसताना, मुलासाठी पुन्हा केले.

गंज धुऊन, पुसून, दाराशी वाळत ठेवला. सायंकाळी मोठी सर आली. चिरंजीव शाळेतून धावत आले, चपला काढल्या, आणि सवयीने हातातली निथळती छत्री सरळ गंजात उभी करून आत गेले.

सौ. स्वयंपाकघरातून अजून बाहेर आलेली नाही. छत्री माझी आहे. ती कोठे आहे हे या वेळी मला नक्की ठाऊक आहे.