कृत्रिम आभाळाशी इमान

विमानोड्डाणाच्या संगणकीय खेळात हवामान दोन प्रकारे मिळते. एक तर खेळणारा स्वतःच ढग, वारा, पाऊस निवडतो. नाहीतर बाहेरून आलेल्या माहितीवरून आभाळ घडते. पहिल्या प्रकारात उड्डाणाचे नियोजन करणे म्हणजे रहस्यकथा स्वतः लिहून खुनी कोण याचा शोध घेत बसणे. म्हणून जाणकार मंडळी दुसरा मार्ग धरतात, आणि तिथेच वाङ्मयीन म्हणावा असा एक पेच उभा राहतो.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती आली तेव्हा तिचे 'थेट' हवामान मेटिओब्लू या स्विस कंपनीच्या प्रारूपावर बेतलेले होते. विमानतळांवरून प्रसृत होणारी प्रत्यक्ष निरीक्षणे, म्हणजे मेटार, पुष्कळदा वेगळेच सांगत. समजा, जुलैमधली मुंबई. मेटार वाचून खेळणारा ठरवतो: वारा नैर्ऋत्येचा, धावपट्टी २७, ढग खाली, तेव्हा पर्यायी विमानतळ अहमदाबाद, तेथवरचे इंधन आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतका राखीव साठा. पडद्यावर मात्र मुंबई लख्ख! तक्रारी झाल्या आणि २०२१ मध्ये विमानतळांच्या परिसरात मेटारचा मेळ घालण्यात आला.

मला ही तक्रारच अस्थानी वाटते. ऐतिहासिक कादंबरी वाचताना पानोपानी बखर उघडणाऱ्या वाचकाची ही जात आहे. हवामान बाहेरून यावे ते खेळणाऱ्याच्या हातून सुटलेले असावे म्हणून. खरे असावे म्हणून नव्हे. विमानाच्या पंखांना लागतो तो खेळातला वारा, आणि नियोजन करायचे ते त्याचे. (शिवाय मेटार ही एका ठिकाणची नोंद. मुंबई-अहमदाबादच्या मधले आभाळ कुणाला तरी रचावेच लागते.)

आक्षेप असा येईल की, इथे कोणी मरत नाही. कळ दाबली की ढग नाहीसे, मग नियोजनाला अर्थ कोणता? कोलरिजने १८१७ मध्ये अविश्वास स्वखुशीने स्थगित ठेवण्याविषयी लिहिले, पण ते काव्याच्या वाचकाविषयी होते. वाचकाने मनोमन मान्य केले की भागते. इथे तेवढ्याने भागत नाही. दोनशे फुटांवर आल्यावरही धावपट्टी दिसली नाही, तर कोणीही पाहत नसताना हा गृहस्थ विमान वर उचलतो, अहमदाबादकडे वळवतो आणि आणखी तासभर खुर्चीत बसून राहतो. तेवढे इंधन त्याने निघतानाच घेतलेले असते.